खिशातले हात

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या बाजारात मासळीच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा आणि एक तरुणी बोलत होते.

"फोक्कोकाका, मुलांच्या सायकल-दुरुस्ती वर्कशॉपला येणं का सोडलंत?"

"हात थरथरतात गं, हार्मके. पाना धरवत नाही."

"माझी पहिली सायकल आठवते? डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. ते काढायला जोर लावून लावून रडकुंडीला आले होते."

"मला शिव्याही घातल्यास."

"घालणारच! तुम्ही आपले खिशात हात घालून शिट्टी वाजवत उभे!"

"नियमच होता तो. शिकवणाऱ्यानं सायकलला हात लावायचा नाही."

"अजूनही तोच आहे."

"बरं मग?"

"मग हात हवेत कशाला तुम्हाला?"

रांग पुढे सरकली. म्हातारा जागचा हलला नाही.

"शनिवारी येतो. शिट्टी मात्र वाजवणार."