काकांचा दसऱ्याचा बार

कप खाली ठेवा आधी, नाहीतर हसता हसता सांडाल. नल्लकुंटा मोहल्ल्यात आमच्या शेजारी रंगरावकाका राहत. दसऱ्याला ते आपली विलायती रायफल पुजत आणि गल्लीसमोर एक बार आकाशात उडवत. आमच्या राज्याची भाषेवार वाटणी झाली, काकांचं गाव मुंबई राज्यात गेलं, आणि त्याच सुमारास परदेशी काडतुसंही मिळेनाशी झाली.

आबिड्स बाजारातला बंदुकांचा दुकानदार म्हणाला, "साब, बाहर का माल बंद है. परमिट लाव, फिर बोलो."

काकांनी वर्षभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. परमिट नाहीच मिळालं. डबीत एकच काडतूस उरलं.

मी म्हटलं, "उडवून टाका की काका!"

"गाढवा, हे आहे तोवर ती रायफल. हे गेलं की नुसती काठी."

दसऱ्याला गल्ली जमली. समोरचे वकील खवचटपणे म्हणाले, "काय रंगराव, यंदा बार की नुसता नमस्कार?"

काकांनी डबीला हात न लावता रिकामीच रायफल उचलली. मी सातवी नापास, पण रिकाम्या रायफलीतून बार निघत नाही, तेवढं मला कळलं. मी भिंतीआड जाऊन सुतळी बॉम्ब पेटवला. काकांनी चाप ओढला. सगळं शांत. मग धडाम! वकीलसुद्धा दचकले.

काकांनी डबी उघडून पाहिली, काडतूस जागच्या जागी. मग आपट्याची पानं वाटत ते माझ्यापाशी आले आणि माझ्या काळ्या बोटांकडे बघत पुटपुटले, "उशीर केलास. पुढच्या वर्षी चाप ओढला की लगेच."

काका होते तोवर मी पुन्हा कधी उशीर केला नाही.