चाकं जमिनीवर टेकल्यावर

भिंगरी : फोन ठेवलास का, मामा?

मामा : ठेवला. स्प्रिंगवाल्याला असा सोलून काढलाय की जन्मात विसरणार नाही. म्हटलं, मागवल्या शर्यतीच्या गाडीच्या आणि पाठवल्यास मालट्रकच्या. तो आपला एकच घोकतोय, डब्यावरचा नंबर वाचा. वाचला. नंबर बरोबर आहे. तरी गाडीचं तोंड बघ कसं वर. फोटो काढायला उभी राहिल्यासारखी.

भिंगरी : किती वर आहे?

मामा : टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोटं घाल. तीन जातायत. दोनच जायला हवीत. नव्या आखूड स्प्रिंगांनी ती खाली बसायला हवी, ही उलट वर चढलीय. तासाभरात तुझी आई येईल गाडी बघायला. जॅक आण, जुन्या स्प्रिंगा परत घालतो.

भिंगरी : जुन्या नको ना. त्यांच्यावरच शेवटच्या वळणाला ब्रेक मारला की तोंड भरकटायचं. तेव्हापासून आई तिथे आधीच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढते. ती बोलत नाही, पण तिची फेरीची वेळ बघितली की कळतं.

मामा : मला काय सांगतेस? म्हणूनच तर पुढचं सगळं नवं घातलं, शॉकअप, आर्म, सगळं. पण शर्यत उद्या आहे, बाई. जॅक.

भिंगरी : मामा, एक सांगायचंय. पण सांगून झालं की लगेच बोलायचं नाही.

मामा : शोकेसची काच फुटली तेव्हाही तुझी सुरुवात अशीच होती.

भिंगरी : काल तू वेल्डिंगवाल्याकडे जाताना म्हणालास, चाकं धरणारे खालचे आर्म नुसते अडकव, बोल्ट हाताने फिरवून ठेव, बाकी मी आल्यावर. मी हाताने नाही फिरवले. टॉर्क पाना लावून पक्के आवळले आणि वर हिरवी रेघ मारली.

मामा : रेघ बघितली सकाळी. मी म्हटलं, पोरीने आवळलंय तर नीट आवळलंय.

भिंगरी : हो ना. आवळेल त्याच्या रंगाची रेघ, हा आपल्या गॅरेजचा नियम. तुझी पांढरी. मला रंगच नव्हता. तू रेघ बघून म्हणालास, भिंगरीला रंग मिळाला, आणि मी शाळेत अख्ख्या बाकाला सांगितलं. शेजारची म्हणाली, बोल्टला रेघ मारलीस तर एवढं काय.

मामा : मुद्दा.

भिंगरी : मी आवळलं तेव्हा चाकं हवेत लोंबत होती. आर्म खाली झुकलेला, तशातच त्याच्या सांध्यातलं रबर धरून बसलं. आता खाली वजन आलं की ते रबर पिळतं आणि गाडीला वर ढकलतं. स्प्रिंगांचा काही दोष नाही. पूर्ण आवळायचं ते चाकं जमिनीवर टेकल्यावर. तू तेच करणार होतास.

मामा : आणि हे तुला कळलं कधी?

भिंगरी : तू फोनवर ओरडत होतास तेव्हा. नाही, खोटं. तू फोन लावायच्या आधीच.

मामा : मग तोंडाला कुलूप का?

भिंगरी : तूच म्हणाला होतास, काम दुसऱ्यांदा करायला लागलं नाही तर उद्या पिटमध्ये, गाडीपाशी, आमच्याबरोबर. लागलं तर प्रेक्षकांत. मामा, मी तीन वर्षं प्रेक्षकांत बसतेय.

मामा : हं.

भिंगरी : हं म्हणजे?

मामा : हं म्हणजे मी त्या बिचाऱ्याचे आजोबासुद्धा काढले. त्याला फोन तू करायचास. पण आधी खड्ड्यात उतर, गाडी खड्ड्यावर घेतो. चाकं टेकलेली, बोल्ट हाताशी.

भिंगरी : केले सैल. चारही.

मामा : आता मी तोंडावर बसून दाबतो. हलू दे तिला. बघ बोटं घालून.

भिंगरी : दोन. मामा, दोनच जातायत.

मामा : मग आवळ की.

भिंगरी : मी?

मामा : खड्ड्यात कोण आहे, तू का मी?

आई : काय रे गुंड्या, ही खाली आणि तू गाडीवर चढून? झालं नाही अजून?

मामा : झालं, ताई. जरासं आवळायचं राहिलं होतं.

भिंगरी : जरासं नाही, आई. मी चुकीचं आवळलं होतं, काल. आत्ता परत केलं.

मामा : मी एकेक बोल्ट तपासतो, तू काळजी नको करूस.

आई : तू तपास. पण विचारतेय मी हिला. या बोल्टांवर शेवटच्या वळणात शिरू का मी?

भिंगरी : शीर. आणि ब्रेक उशिरा मार.

(आई गाडी घेऊन जाते. मामा हात पुसतो, पुन्हा पुसतो. भिंगरी फोन करून येते.)

मामा : काय म्हणाला?

भिंगरी : मी सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, मामाला सांग, आमचे आजोबा मालट्रकच चालवायचे.

मामा : आली बघ. इंजिन बंद केलं. उतरत का नाहीये ही?

भिंगरी : आई? काय झालं?

आई : काही नाही. मागच्या रिकाम्या रस्त्यावर तीनदा जोरात ब्रेक मारला. तिसऱ्यांदा हात नुसते स्टिअरिंगवर ठेवले होते. सरळ थांबली.

मामा : आणि उद्याचं शेवटचं वळण?

आई : त्याचाच विचार करत बसले होते. मनातल्या मनात ते घेतलं, आणि आधी पाय काढायचा लक्षातच राहिला नाही.

भिंगरी : म्हणजे उद्या तू... मी वरून बघेन. वरच्या पायऱ्यांवरून ते वळण चांगलं दिसतं.

आई : वरून का?

भिंगरी : काम दुसऱ्यांदा करायला लागलं ना. ठरलं होतं तसं.

आई : गुंड्या, हे तुम्ही ठरवलंत?

मामा : ठरवलं होतं. आता मी वेगळं ठरवतोय. सहाला निघू, गाडी टेम्पोच्या मागे जोडून.

आई : टेम्पोत पुढे दोनच जागा आहेत.

मामा : मग मी मागे टायरांवर बसतो. पुढे हिला घे. गाडीत काय काय बदललंय, ते वाटेत तुला नीट सांगायला नको का कोणी?