शायनिंग

दाताच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या.

"आई, कवळी तयार आहे. आता पुढचा नंबर आपला."

"नको गं. या वयात नवे दात म्हणजे नुसती शायनिंग."

"हा शब्द कुठून उचललात?"

"माझाच आहे. तुझ्या आईनं केस रंगवले, तेव्हा मीच म्हटलं, विहीणबाई शायनिंग मारतात. गॉगल घातला, तेव्हा शो-ऑफ म्हटलं."

"आणि उंच टाचांना हाय-फाय. तिला सगळं पाठ आहे."

"बघ! आता सगळं सव्याज परत करतील."

"करू दे की. दात गेल्यापासून तुम्ही तोंडावर हात धरून हसता. तुमची नात विचारते, हसताना आजी लपते का?"

"असं विचारते?"

"रोज."

"धर माझी पिशवी."

(दार लागलं. बऱ्याच वेळानं उघडलं.)

"अगंबाई! आई, ओळखूच येत नाही तुम्ही!"

"पुरे. तुझ्या आईला फोन लाव. तो, चेहरा दिसतो तो."

"व्हिडिओ कॉल? अहो, काय बोलणार तिच्याशी?"

"बोलायचंय कुणाला? नुसतं हसायचंय."