सूर्यभानचा पत्ता

उस्मानपुऱ्याच्या थांब्यावर चितेगावची बस काही येईना. तनुजाच्या मागं, गळ्यात कंपनीचे बिल्ले घातलेले दोघं बोलत होते.

"कॉम्प्युटरवर कंपनीतल्या माणसांची यादी हाय ना, डिरेक्टरी, तिच्यात माणूस शोधायला मी कमांड देऊन वेबसाइटसारखा पत्ता जोडतो; तो चालतो का बघायला सूर्यभानचंच नाव टाकायचो. आधी सर्व्हर, मग विभाग, शेवटी सूर्यभान."

"त्याचंच का?"

"त्यानंच शिकवलं हे. म्हणायचा, माझ्या नावावर तपासत जा, मी कुठं जाणारंय?"

"दिवाळीत वारला की रे तो."

"व्हय. तरी स्क्रीनवर नाव यायचं. आज साहेब म्हणले, गेलेल्यांची नावं काढून टाक."

"काढलंस?"

"काढलं. मग सवयीनं त्याचाच पत्ता टाकला."

"आन्?"

"काय बी आलं नाय. म्हंजे काम बरोबर झालं."