बरणीतला बिऱ्हाडकरू

अकोल्याच्या पोस्टात शामकांत मास्तर कोरं कार्ड पुढ्यात घेऊन बायकोशी हुज्जत घालत होते. आपलं कार्ड त्यांच्याकडून लिहून घ्यायला आलेली गोजरबाई मागं ताटकळून मेटाकुटीला आली होती.

"इंदू, तुझा भाऊ सोमवारी रत्नागिरीहून निघेल. बरणीत समुद्रासारखं खारं पाणी तयार आहे. त्यात सोडायला काय आणू दे?"

"माझी लोणच्याची बरणी होती ती."

"पट्ट्यापट्ट्यांचा केशरी मासा लिहू?"

"एवढ्याशा बरणीत तो वळणार कुठे?"

"मग लाल कोळंबी?"

"मागची दोन दिवसांत मेली."

"मास्तर, माझं कारड लिवता का? गाडी जाईल माझी."

"थांबा गोजरबाई. इंदू, निळ्या पायांचा खेकडा असतो बघ, शंखात राहणारा. वाढला की शंख सोडून दुसऱ्यात जातो."

"कुणी हुकूम काढला म्हणून?"

"छे गं. त्याला वाटलं की जातो."

"मग तोच लिहा. काष्टीच्या बिऱ्हाडात फळीवर भांडी लावून झाली नाहीत, तोच तुमचा अकोल्याचा हुकूम आला. घरात एकाची तरी बदली मर्जीनं होऊ दे."