बायजाला काय येतं

(कळवा, १९५३. मिठागराच्या बांधावरचा मांडव. दुपारचा साक्षरता वर्ग सुटला आहे. शिक्षिका प्रमोदिनी आणि मिठागरात राबणारी बायजा, दोघीच उरल्या आहेत.)

प्रमोदिनी : पुस्तक का मिटलंत, मावशी? छान वाचत होतात. उद्या परीक्षकांसमोर अगदी असंच वाचायचं.

बायजा : त्ये वाचना नव्हता, बाई.

प्रमोदिनी : म्हणजे?

बायजा : पाठ हाय मना. जात्यावरच्या ओव्या पाठ हायेत ना, तसा. वर्गात बाजूला बसते ती गोदी मोठ्यानं वाचते, मी आयकते. गायीचा चित्र दिसला का गायीचा धडा तोंडात येते. बोट आपला उगाच फिरवाचा.

प्रमोदिनी : आणि मी चार महिने शाबासकी देत बसले.

बायजा : तुमी शाबास बोलायच्या तं बरा वाटायचा.

प्रमोदिनी : मग आज का सांगितलंत? उद्या सहज पास झाला असतात.

बायजा : तुमीच नाय का बोलल्या, निजताना सोताला विचारा, आज मना काय आला, काय नाय आला? काल विचारला मी. मंग सपान पडला. सगली मिठागरा पांढरी सपेत. आन मिठावर अक्षरा चालतान, बगल्यांवानी. मी जवल गेले का भुर्रकन उडतान. येकच बसून रायला.

प्रमोदिनी : कुठलं?

बायजा : तोंड नाय दिसला त्याचा. जाग आली.

प्रमोदिनी : तुम्हाला शहाडला जायचं होतं ना, लेकीकडे?

बायजा : लय जायाचाय, बाई. लक्ष्मी पोटुशी हाय. तिचा बापूस बोलला, पास झालीस का जा येकटी, मी आडवाचा नाय. पन ठेसनच्या पाटीवर गायीचा चित्र नसते. ठान्याला गाडीत बसले, तं कल्यान कंचा, शहाड कंचा? पासचा कागद हातात धरून कसाऱ्याला जायाची मी.

प्रमोदिनी : कुणाला विचारता येईल की.

बायजा : विचारण्यातच जल्म गेला.

प्रमोदिनी : बरं. पुस्तक राहू दे. हे मीठ पसरते. तुमचं तुम्हाला जेवढं येतं, तेवढंच बोटानं लिहा. चूक की बरोबर, मी सांगणार नाही.

बायजा : मंग मना कसा कलल?

प्रमोदिनी : हात कुठे अडतो ते बघा.

बायजा : ... ह्यो ल. लक्ष्मीचा. नाय अडला. ह्यो क... जरा अडला. शहाडचा पयला... नाय. ह्यो नुसता तोंडवलकीचा हाय.

प्रमोदिनी : मग उद्या?

बायजा : माजा नाव नका देऊ.

प्रमोदिनी : पुढची परीक्षा दोन महिन्यांनी आहे, मावशी. लेक वाट बघेल.

बायजा : बघल. मी बी रडन जरा. पन तिला अजून तीन महिने हायेत. पोटातला लेकरू तयार झाला का नाय, ते सुईन सांगते का, बाई?

प्रमोदिनी : नाही.

बायजा : त्याचा त्यालाच कलते. आता ह्ये पुसा. आन नवीन काय तरी लिवा, मी कदी आयकला नाय असा.