तीन नंबरच्या हॉलची सरळ रेघ

—नाही नाही, सही करतो ना, कुठे पळून जातोय मी! पण बसा जरा, साहेब. खिडकी नाही इथे, तळघर आहे. बाहेरची हवा संग्रहालयात शिरू नये म्हणून आधी सगळं बंद केलं आणि मग आत मला बसवलं. एकोणीस वर्षं झाली. तर तुमचा कागद म्हणतो, तीन नंबरच्या हॉलमधलं हवेचा ओलावा सांभाळणारं मशीन संध्याकाळी सहाला बंद, सकाळी नऊला चालू — वीज वाचेल. वाचेल की! मी कुठे नाही म्हणतोय? आणि पुरावा काय, तर माझे तक्ते. मशीन बिघडून अडीच महिने पडून होतं तरी ओलाव्याची रेघ सरळ — म्हणजे इमारतच हवा धरून ठेवते, मशीन हवंय कशाला! तुमच्या जागी मीही हेच लिहिलं असतं.

फक्त — हा डबा बघा, कागद बदलायला हॉलमधून खाली आणलाय. उघडतो. दचकू नका, केस आहेत, माणसाचेच. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो, तोच हे पेन ओढतो आणि फिरत्या कागदावर रेघ उमटते. जुनी पद्धत, पण खोटं बोलत नाही — म्हणजे, बोलत नव्हती. तीन वर्षांपूर्वी आतली बट तुटली. नवी मागवली, तर मागणीपत्र अकरा महिने या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी मी — हसू नका — घरून आणली. बायकोच्या केसांची. लांबसडक, काळेभोर, पन्नाशीतही एक पांढरा नाही. ‘आमच्या माहेरी पिकतच नाहीत’ हे लग्नापासून ऐकतोय. लावली, आणि रेघ पट्टीने ओढल्यासारखी! मोठे साहेब खूश — तक्ता फ्रेम करून केबिनमध्ये, पाहुणे आले की मला वर बोलावणं, हेच ते आमचे रेघवाले! आता तुम्हीच सांगा, एवढं कौतुक चालू असताना कोण म्हणेल की बाबांनो, इतकी सरळ असते का कधी रेघ?

मग गेल्या हिवाळ्यात स्वेटर शोधताना कपाटात कलपाची पाकिटं सापडली. सोळा! दोनदा मोजली. तिने लपवलं तर लपवलं हो, सव्वीस वर्षं मलाही दिसलं नाही — पण कलपाने मेलेला केस ओल पिणार कुठून? तेव्हाच बदलायला हवी होती बट. पण बदलली की रेघ नाचणार, आणि काल सरळ होती ती आज का नाचते? काय सांगू — बायकोचा कलप? तीच बट राहू दिली. आणि पुढच्याच महिन्यात मशीन बिघडलं. लवकर दुरुस्त करा म्हणून वर गेलो, तर म्हणाले, घाई काय, रेघ तर सरळ आहे! इकडे आड, तिकडे विहीर.

त्या हॉलमध्ये ती लाकडी पेटी आहे ना, चारशे वर्षांची, झाकणावर पाखराला चारा देणारी पोर — तिच्या गालावर चीर गेलीय. त्या अडीच महिन्यांत नखाएवढीची करंगळीएवढी झाली. दिवा मीच जरा वळवून ठेवलाय, दिसू नये म्हणून. हे या काडेपेटीत, हे तिच्या रंगाचे पापुद्रे. मीच गोळा करतो, सकाळी, कुणी यायच्या आत. आता रोज मशीन बंद-चालू, रोज कोरडं-दमट — लाकूड ते, किती सोसेल? फुटेल हो ती पोर. मला फार भीती वाटते.

तुमच्या बॅगेत मीटर असेल ना, नवं, केसांबिसांचं नसलेलं? चला वर. आज आणि उद्या, दोन दिवस ठेवा हॉलमध्ये. आकडा तुमचा, शोध तुमचा, माझं नावही नको — हवं तर घाला नाव, घालाच! — काय? अहवाल गेलासुद्धा? बचत जाहीरही झाली? अहो, पण पोरीचा गाल — काय म्हणालात?

म्हणजे ऐकलंच नाही तुम्ही. मी काही बोललोच नाही. अस्सं.

बरं. कुठे करायची, इथे? आणि खाली पुन्हा एकदा. घ्या. आजपासूनच ना? — मग निघा, साहेब. सहाला दहा कमी आहेत, मशीन बंद करायला मलाच वर जावं लागतं.